इफ्फाथा : ज्याला ऐकूं येत नाहीं त्याची मंडळींतील जागा

पाठ : मार्क ७:३१–३७. सोबत लेवीय १९:१४ व रोम. १०:१४–१७ हीं वचनें काढून ठेवावीं.

या उताऱ्यावरील उपदेशांत बहुधा शेवटच्या चमत्कारावर भर असतो. आमची वाचकांस विनंती अशी कीं, या खेपेस त्यांनीं चमत्काराच्या आधींचीं दोन वचनें सावकाश वाचावीं. दकापलीस प्रांतांत लोक एका बहिऱ्या माणसास येशूकडे आणितात. प्रभु त्याला गर्दींतून एकीकडे घेतो, त्याच्या कानांत बोटें घालितो, जिभेस स्पर्श करितो, वर आकाशाकडे पाहतो व उसासा टाकितो. यांतील एकही गोष्ट कानानें कळावयाची नाहीं. सर्व डोळ्यांनीं व स्पर्शानें कळावयाच्या आहेत. त्या माणसाचे कान उघडण्यापूर्वींच प्रभु त्याच्याशीं बोलूं लागला होता, आणि तेंही त्याला उमजेल अशा रीतीनें.

आतां रोमकरांस पत्राकडे वळूं. विश्वास ऐकण्यानें होतो, मग ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला विश्वास कोठून, असा तर्क पुष्कळ शतकें चालत आला. पौल तेथें कानाविषयीं नव्हे, तर संदेश पोंचविणाऱ्याविषयीं बोलत आहे, हें मागचीं तीन वचनें वाचतांच ध्यानांत येतें. पाठविणारे जर गेले नाहींत तर दोष कोणाच्या कानांचा?

या बाबतींत रोमन कॅथलिक मंडळीचा इतिहास आम्हांस पुष्कळ शिकवितो; त्यांत लाजेच्या गोष्टीही आहेत. बहिरे लोक हातवाऱ्यांनीं परस्परांशीं संभाषण करितात, हें ऑगस्टीनानें 'गुरूविषयीं' या ग्रंथांत नमूद केलें आहे. मुक्या माणसानें खुणेनें दिलेली विवाहाची संमति ग्राह्य होय, असा निर्णय पोप तिसरा इनोसंट यानें दिला. सोळाव्या शतकांत स्पेनांतील ओन्या येथील मठांत पेद्रो पोन्से दे लेओन (मृत्यु १५८४) या साधूनें सरदारघराण्यांतील बहिऱ्या मुलांस शिकविलें. जिनीव्हाचा बिशप फ्रान्सिस द साल्स (मृत्यु १६२२) यानें मार्टिन नांवाच्या एका गरीब बहिऱ्या माणसास स्वतः खुणांनीं धर्मशिक्षण देऊन प्रभुभोजनास घेतलें. हें शेवटचें उदाहरण वाचकांनीं मनांत ठेवावें. त्याचें कारण पुढें येईल.

परंतु खरा पालट झाला तो पॅरिस येथें. १७६० च्या सुमारास शार्ल मिशेल द लेपे या धर्मगुरूची एका घरीं दोन बहिऱ्या जुळ्या बहिणींशीं गांठ पडली. त्यांना चित्रें दाखवून शिकविणारा वृद्ध धर्मगुरु वारला होता. या मुली ईश्वराविषयीं कांहीं न जाणतां मरतील, हा विचार लेप्यास सहन होईना. बहिरे लोक आपसांत ज्या खुणा करीत, त्या त्यानें प्रथम स्वतः शिकून घेतल्या आणि त्यांच्या आधारें फ्रेंच भाषा शिकविली. गुरूनें आधीं शिष्य व्हावें, हें आमच्या मतें त्याचें सर्वांत मोठें काम. त्यानें शाळेंत फी घेतली नाहीं. स्वतःचा पैसा तींत घातला. १७८९ त तो मरण पावला, आणि १७९१ त फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनें ती शाळा आपल्याकडे घेतली.

या शाळेचें ऋण आम्हां प्रॉटेस्टंटांवरही आहे. अमेरिकेचा तरुण पाळक टॉमस गॅलॉडेट तेथें शिकावयास गेला, आणि १८१६ त तेथीलच बहिरा शिक्षक लोराँ क्लेर यास घेऊन परतला. पुढच्या वर्षीं हार्टफर्ड येथें त्यांची शाळा उघडली.

यानंतर मात्र पाऊल मागें पडलें. १८८० त मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तींत जवळजवळ सर्वजण ऐकूं येणारे होते, आणि अध्यक्ष जूलिओ तार्रा हा धर्मगुरूच होता. शाळांतून खुणा काढून टाकाव्या व केवळ ओठांच्या हालचालीवरून बोलणें शिकवावें, असें तेथें ठरलें. कित्येक पिढ्यांच्या मुलांना हात बांधून बसावें लागलें. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हावयास २०१० सालची व्हँकूवरची परिषद यावी लागली. मुंबईंत १८८० नंतरच्या दशकांत बिशप लिओ म्युरिन यांनीं बहिऱ्यामुक्यांसाठीं शाळा काढिली, तीही याच वाऱ्याच्या दिवसांत.

१९६५ त रोमन कॅथलिक उपासनेंत खुणांच्या भाषेस परवानगी मिळाली. त्यांच्या १९८३ च्या धर्मनियमांप्रमाणें दुभाष्यामार्फत पापकबुली देण्यास कोणास मनाई नाहीं; मात्र दुभाष्यानें तें गुपित राखलेंच पाहिजे. २००९ त व्हॅटिकन येथें 'इफ्फाथा' याच नांवानें मोठी परिषद भरली. आपल्या देशांत २०२४ च्या मे महिन्यांत केरळांतील त्रिशूर येथें जोसेफ थेर्मादम या बहिऱ्या तरुणास याजकपदाची दीक्षा मिळाली. भारतांतील हे पहिले बहिरे कॅथलिक याजक होत. लेप्यानें बहिऱ्यांसाठीं याजक दिला. आतां बहिऱ्यांतूनच याजक उभा राहिला.

आतां आमची गोष्ट. कांहीं वर्षांमागें एका खेड्यांतील मंडळींत एका बहिऱ्या तरुणानें प्रभुभोजनास घेण्याविषयीं विनंती केली. त्याची बहीण लहानपणापासून त्याच्याशीं खुणांनीं बोलत असे, आणि ती प्रश्नोत्तरें सांगण्यास तयार होती. पंचांत आम्हीही होतों. त्याचीं उत्तरें त्याचीं नसून बहिणीचीं असतील, असें आम्हीच बोललों, आणि गोष्ट पुढें ढकलली गेली. ती पुन्हां निघाली नाहीं. ज्या दुभाष्यावर विवाह व पापकबुली सोंपविण्यास एक मंडळी तयार आहे, त्यावर आम्हांस दहा प्रश्नही सोंपवितां आले नाहींत. बहिऱ्यास शिव्या देऊं नये असें लेवीयांत आहे, आणि शिवी तर आम्हीं दिली नव्हती.

ज्या मंडळींत असें कोणी असेल, तिच्या पाळकांनीं त्यास मागच्या भिंतीशीं न बसवितां पुढें बसवावें, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असें उभें राहावें, वचनें फळ्यावर लिहावीं, आणि घरच्या माणसांपासून पन्नास खुणा तरी शिकून घ्याव्या. दिल्ली येथें २०१५ त स्थापन झालेल्या सरकारी संस्थेनें भारतीय खुणांच्या भाषेचा कोशही तयार केला आहे. 'मुका' हा शब्द मात्र आतां टाकावा. हे लोक मुके नाहींत.

तो तरुण पुढें शहरांत कामास गेला. रविवारीं तो कोठें बसतो हें आम्हांस ठाऊक नाहीं. बहिणीचा पत्ता आमच्याजवळ आहे. हा पाठ छापून झाल्यावर पहिली प्रत तिच्याकडे पाठवूं, आणि सोबत एक पत्र.