मन लागेपर्यंत थांबू नकोस

खडवली

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

‘मावशी, पुस्तक उघडते पण मन लागत नाही. मन तयार झालं की जोमाने बसेन,’ असं तू परवा फोनवर म्हणालीस. त्यावर घाईत काही बोलण्यापेक्षा लिहावं असं वाटलं.

माणूस दोन तऱ्हांनी अडकतो. कधी का करायचं ते पक्कं ठाऊक असतं, पण हात हलत नाही. कधी हात चालू असतो, पण कशासाठी तेच विसरलेलं असतं. दोन्हींवरचा उपाय वेगळा, पण निश्चय आणि काम एकमेकांना कसं सावरतात ते एका उदाहरणात बघ.

आपल्या खडवलीहून टिटवाळा, आंबिवली, शहाड गेलं की कल्याण. तिथे १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं आणि पुढे डॉक्टर व्हायचं त्यांनी मनाशी धरलं. पण नुसत्या निश्चयाने समुद्र ओलांडता येत नाही. इंग्रजीचा अभ्यास, अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार, प्रवासखर्चाची जुळवाजुळव, हे सगळं एकेक करून करावं लागलं. लोकांनी नावं ठेवली, तेव्हा १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला, आपण अमेरिकेला का जातो, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. कामामुळे निश्चय पुढे सरकला आणि विरोध झाला तेव्हा निश्चयामुळे काम टिकलं. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

तुझी अडचण मला पहिल्या तऱ्हेची वाटते. राज्यसेवा का द्यायची, हे सांगताना तू कधी अडखळली नाहीस. मग आता मनाची वाट पाहू नकोस. उद्या सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी पूर्वपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न सोडव. दहाच. हात कामाला लागला की मन बहुतेक वेळा मागून येतं.

रविवारी मात्र वहीत दोन ओळी लिही: हे मी कशासाठी करते आहे? आठवड्यामागून आठवडे उत्तर पोकळच वाटलं, तर वाट बदलण्यात कमीपणा नाही; घरच्यांना मी समजावीन.

आणि झोप, भूक उडाली, कशातच रस वाटेना, असं दोन आठवडे चाललं, तर हा आळस नव्हे हे समज. सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फोन कर, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी सोबत येईन.

पुढच्या रविवारी फोन कर. कोणते प्रश्न चुकले ते सांग, आपण दोघी मिळून पाहू.

तुझी,
मावशी