मोतीच्या कानामागची जट

दिवाळीच्या सुट्टीत शेजारची नववीतली मुलगी मोतीला उचलून रडतच आमच्याकडे आली. मोती म्हणजे लांब केसांचा पांढरा पॉमेरेनियन. आमचे मालेगाव वाशिम जिल्ह्यातले. सोयाबीन निघाले की बांधावर गोखरू वाळून उभे असते, आणि मोती तिथूनच हिंडून आला होता. कानामागे सुपारीएवढी जट झाली होती. मुलीने ती कात्रीने कापली, आणि जटेबरोबर कातडीही कापली गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन टाके पडले. असे का व्हावे?

केस तुम्हांला गुळगुळीत वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यावर कौलांसारखे खवले दिसतात, आणि प्रत्येकाची मोकळी कड टोकाकडे असते. डोक्याचा एक लांब केस घेऊन चिमूट आधी मुळाकडून टोकाकडे सरकवा, मग उलट. उलट जाताना घर्षण जास्त जाणवेल. म्हणूनच घासले गेलेले केस एका दिशेने सरकतात, मागे फिरत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळला की आटतो तो यामुळेच. मोती पायाने कान खाजवतो तेव्हा हेच घडते. गोखरूचे आकडे फक्त सुरुवात करून देतात. (अशीच काटेरी फळे १९४१ साली स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याच्या कुत्र्याला चिकटली, आणि त्यातून पुढे वेल्क्रो निघाले.) माणसाच्या डोक्यातली जटही अशीच होते; देवीचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता ओढून जट का सुटत नाही ते पाहू. खुंट्याला दाव्याचे दोनतीन वेढे दिले की बैलाची ओढही एका हाताने धरता येते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने पकड सुमारे साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी ४३ पट, तिसऱ्याने २८५ पट! वेढ्यांची बेरीज होते, पकडीचा मात्र गुणाकार. तेव्हा जोर वाढवण्यापेक्षा वेढे कमी करावेत. जट टोकाकडून थोडी थोडी बोटांनी फोडावी, खोबरेल तेलाचा थेंब लावावा, मग कंगवा घ्यावा. दुसऱ्या हाताने जटेचे बूड घट्ट धरावे, म्हणजे हिसका कातडीला न बसता तुमच्या बोटांना बसेल.

आधी आंघोळ घालण्याची चूक बहुतेक जण करतात. भिजलेला केस सुमारे १५ टक्के जाड होतो, लांबी मात्र जेमतेम एकदोन टक्के वाढते. फुगलेले केस चोळताना आणखी गुंततात आणि वाळल्यावर गाठ अधिकच आवळते. आंघोळ नंतर.

मुलीच्या हातून कातडी कापली गेली, कारण जट आवळताना खालची सैल कातडी तंबूसारखी वर ओढून घेते, आणि केसांत ती दिसत नाही. म्हणून जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा आडवा सरकवावा आणि कात्री कंगव्याच्या वरच चालवावी. कंगवा शिरतच नसेल तर कात्री खाली ठेवावी. ते काम पशुवैद्याच्या यंत्राचे. तेही घर्षणाने तापते, म्हणून पाते अधूनमधून मनगटाला लावून पाहावे लागते. जट तशीच ठेवणेही बरे नाही. खाली ओल राहते, कातडी चिघळते आणि जखमेत अळ्याही पडतात.

मोतीच्या दुसऱ्या कानामागची जट आम्ही कात्रीशिवाय सोडवली. ४० मिनिटे लागली, आणि पोळीचे चार तुकडे.