सीट बुक करण्याआधी

पालकहो,

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे असा की घाटाखालचे, बारावी सायन्सला लेकरू असलेल्या घरात उन्हाळाभर एकच विषय असतो. सीईटीचा निकाल अजून लागायचा असतो आणि खासगी विद्यापीठांचे फोन सुरू झालेले असतात. "सर, तुमच्या मुलाची निवड झाली आहे. कॉम्प्युटरच्या थोड्याच जागा उरल्यात. शनिवारपर्यंत पन्नास हजार भरले तर सीट तुमची." पलीकडचं माणूस गोड बोलतं आणि इकडे बापाच्या जिवाची घालमेल होते. चिखलीचे असोत की नांदुऱ्याचे, भेटणारे वडील मग एकच म्हणतात, "वावर इकाव लागलं तरी चालते, पण पोराची सीट जायाले नको."

आज त्या वावराबद्दलच बोलू.

समजा, वर्षाची फी चार लाख आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. म्हणजे एका वर्षाच्या फीला 75 क्विंटल सोयाबीन लागलं. कोरडवाहू एकरी सात क्विंटल धरलं तरी जवळपास अकरा एकरांचं अख्खं पीक झालं. यात बियाणं, फवारणी, सोंगणी, मळणी काहीच वजा केलेलं नाही आणि हमीभाव पदरात पडतो असं धरलंय. तो किती वेळा पडतो, हे खामगावच्या बाजार समितीत माल घेऊन गेलेल्याला सांगायला नको. त्यावर होस्टेल आणि मेसचे वर्षाला पावणेदोन लाख धरले, तर चार वर्षांचे तेवीस लाख होतात. दरवर्षी फी वाढली तर ते वेगळे.

त्यातले पंधरा लाख बँकेचं कर्ज धरा. साडेदहा टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचं, तर महिन्याचा हप्ता वीस हजारांच्या वर जातो. शिकतानाच्या काळातलं व्याज मुद्दलात चढलं तर हप्ता आणखी वाढतो. पोराला वर्षाला चार लाखांची नोकरी लागली तर हातात महिन्याला तीस हजारांच्या आसपास येतील. त्यातून हप्ता गेला की पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा यांतच तो बेजार होणार. मग हप्ता कोण भरणार? पुन्हा तुम्हीच.

"पण तिथं प्लेसमेंट चांगलं आहे ना!" माहितीपुस्तकाचं ते पान तुम्ही पाहिलेलं असतं. वर मोठ्या अक्षरांत सर्वांत मोठं पॅकेज, त्याखाली सरासरी, त्याखाली हसऱ्या मुलांचे फोटो. आता पाच मुलं घ्या. त्यांना तीन, साडेतीन, चार, पाच आणि चाळीस लाख मिळाले. सरासरी निघते अकरा लाखांच्या वर, पण पाचातल्या चौघांना पाच लाख किंवा त्याहून कमीच मिळालेत. मधल्या मुलाला मिळाले चार लाख. तुम्हाला हवा तो हा मधला आकडा, कारण तुमचं लेकरू बहुधा त्याच्या आसपासच असणार.

हा आकडा लपलेला नसतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थांना किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरीला लागलेल्यांचा मधला पगार किती, हे सगळं द्यावं लागतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो तक्ता सापडतो. पोराला म्हणा, रील बंद कर आणि हे काढून दाखव. जाहिरातीत "95 टक्के प्लेसमेंट" असेल तर विचारा, कशाचे 95? प्रवेश घेतलेल्यांचे, की बॅकलॉग नसलेल्या आणि नोंदणी केलेल्या निवडक मुलांचे?

"निवड झाली" हा शब्दही तपासून घ्या. काही खासगी संस्थांत प्रवेश खरंच कठीण असतो. पिलानीचं बिट्स घ्या. तिथं बिटसॅटचे गुण बोलतात. पण जिथं ऑनलाइन परीक्षा दिली की दोन दिवसांत अभिनंदनाचा फोन येतो आणि सोबत "पन्नास टक्के स्कॉलरशिप"चं पत्रही येतं, तिथं निवड पोराची झाली की तुमच्या खिशाची, हे शांतपणे पाहा. त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत अट असते. दुसऱ्या वर्षी अमुक सीजीपीए राहिला तरच सवलत. तो हुकला तर पूर्ण फी.

आता सर्वांत महत्त्वाचं. इंजिनिअरिंगची खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत येतात आणि तिथले बहुतांश प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून होतात. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. प्रवेश कॅपमधूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे तुमची हुशार लेक कॅपमधून कॉलेजात गेली तर ही दोन्ही शुल्कं माफ, आणि घाईनं खासगी विद्यापीठात सीट बुक केली तर सगळा भार तुमच्यावर. फोनवरचं माणूस हे सांगणार नाही, ते त्याचं कामही नाही.

आणि लांबच कशाला जायचं? शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून उभं आहे. गजानन महाराज संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही संस्थाही खासगीच. महाविद्यालय संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे आणि आपला जिल्हा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, म्हणून तिथल्या होम युनिव्हर्सिटीच्या जागांवर आपल्या पोरांचा हक्क आहे. मलकापूर, चिखली, बुलढाण्यातही कॉलेजं आहेत. तीसुद्धा याच कसोटीवर घासून घ्या. जवळ आहे म्हणून चांगलं आणि लांब आहे म्हणून भारी, दोन्ही समजुती सोडा.

एवढं सगळं पाहूनही एखादं खासगी विद्यापीठ मनात भरलं, शाखा नेमकी हवी तीच मिळाली, मधला पगार हप्ता झेपेल इतका निघाला, तर जरूर घाला. मग कर्जासाठी आधी पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. तुमची संस्था त्या यादीत नसेल, तर का नाही, हाही प्रश्न विचारण्यासारखाच.

पण त्याही आधी कागदपत्रांचं बघा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता ही कामं निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते तेव्हा करू नका. जात वैधतेवाचून हातची जागा गेलेली घरं आपल्याच जिल्ह्यात आहेत. कॅपचा फॉर्म भरताना पसंतीक्रम नीट लावा. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा पक्की धरतात. दुसऱ्या फेरीत हे पहिल्या तीन पसंतींना लागू होतं आणि तिसरीत पहिल्या सहांना. म्हणून कॉलेज प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते यादीत वर ठेवू नका.

कुठे पैसे भरायचेच झाले तर परताव्याचा नियम आधी लेखी घ्या. 2024-25 साठी यूजीसीनं 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. यंदाची तारीख विचारून घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायलाही यूजीसीची मनाई आहे. तपासणी झाली की ती तिथंच मागा.

शेवटचं सांगणं पोरांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. शेजाऱ्याचा मुलगा कुठे गेला, पाहुण्यांना काय सांगायचं, यावरून लेकराचं कॉलेज ठरवू नका. रात्री जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवा, चार वर्षांचा एकूण खर्च आणि तो मधला पगार एका कागदावर लिहा आणि घरात कर्ज किती आहे तेही त्याला खरं सांगा. सतरा-अठरा वर्षांच्या लेकराला हा हिशेब कळतो. आणि कॅपची पहिली फेरी लागेपर्यंत वावराच्या सातबाऱ्याला हात लावू नका.