पलंग रॉकेटचा असला तरी बोल्ट बघायचा

पोरी, पुण्याचा तो फ्लॅट तू मोबाइलवर दाखवलास तेव्हापासून तुझी पोरं कोण कुठे झोपणार यावरून भांडतायत. एका खोलीत रॉकेटच्या आकाराचा पलंग, दुसरीत छताला साखळ्यांनी टांगलेला, तिसरीत शिडी चढून जायचा दुमजली. जरूर जा. लहानपणी अशा पलंगावर काढलेली एक रात्र पोरं जन्मभर सांगतील. पण जाण्याआधी माझं ऐकून ठेव. माझी सगळी नोकरी इथल्या कारखान्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये झाली. कुठलंही लोखंड भार कसा पेलतं, ते बघण्याची सवय हातातच मुरली आहे आणि तीच तुला द्यायची आहे.

वेगळा पलंग ठेवून पाहुणे खेचण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये वेअर नावाच्या गावी साधारण १५९० साली एक पलंग बनला, रुंदीला सव्वातीन मीटर, म्हणजे आपल्या साडेदहा फुटांच्या वर. लंडनहून निघालेले प्रवासी तिथल्या खाणावळीत मुक्काम करायचे आणि त्या लाकडावर आपली अक्षरं कोरून जायचे. आज तो पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तू जिथून बुकिंग करतेस त्या एअरबीएनबीची सुरुवातही गादीवरूनच झाली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांनी घरभाडं भागवायला आपल्या फ्लॅटमध्ये हवेच्या गाद्या पसरून पाहुणे ठेवले. तेव्हा माणूस अशा पलंगाकडे ओढला जाणारच, त्यात गैर काही नाही. झोप मात्र सुखाची लागली पाहिजे.

पैसे भरण्याआधी मालकाला फोन करून गादीची मापं फुटांत विचार. फोटो रुंद लेन्सने काढतात, त्यात चार फुटांची गादी सहा फुटांची दिसते. रॉकेट किंवा मोटारगाडीच्या आकाराचे पलंग बहुधा लहान मुलांसाठी बनवलेले असतात. आतली गादी पाच फुटांची निघाली तर तुझ्या थोरल्याचे पाय रात्रभर फळीला आपटतील. ‘आठ माणसांची सोय’ लिहिलं असेल तर त्यातली किती सोफ्यावर आणि किती जमिनीवर, तेही स्पष्ट विचारून घे.

आता मुख्य गोष्ट. आत शिरल्यावर पोरांना पाच मिनिटं बाहेरच्या खोलीत थांबव आणि प्रत्येक पलंगाच्या खाली वाक. रंग, दिवे, चित्रं सगळं वर असतं, भार खाली असतो. आपल्या कारखान्यात पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारीची कवचं बनली. २००८ साली पहिलं चांद्रयान घेऊन गेलं ते पीएसएलव्हीच. त्या कवचांच्या वेल्डिंगचा एक्स-रे काढतात, वर पाण्याचा दाब देऊन तपासतात, तेव्हा कुठे ती पुढे जातात. पलंगाला एवढं लागत नाही, डोळे आणि हात पुरे. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी काळी रेघ दिसते का, रंगाचा पापुद्रा सुटून आत गंजाची ओळ आली आहे का, बघ. मग दोन्ही हातांनी चौकट धरून आडवी हलव. उभा दाब पलंग सहसा पेलतो, तो मोडतो आडव्या हलण्याने. सांध्यातून ‘टक’ असा आवाज आला तर तिथला बोल्ट ढिला आहे. प्रवासाच्या पिशवीत एक छोटा स्क्रू-पाना टाक, त्याचा जबडा हवा तेवढा लहानमोठा करता येतो. नट बोटांनी फिरत असेल तर आवळून घे. आवळूनही हलत राहिला तर आटे गेलेत, त्या पलंगावर कुणीच झोपायचं नाही.

पोरं पलंगावर उड्या मारणारच. त्यांना रागावण्यापेक्षा कारण सांग. एखादं वजन अलगद ठेवलं तर जेवढा ताण पडतो, त्याच्या दुप्पट ताण तेच वजन एकदम सोडल्यावर पडतो आणि उंचावरून आदळलं तर त्याहून कितीतरी जास्त. तुझा धाकटा २० किलोचा आहे, उडी मारताना पलंगाला तो २० किलोचा वाटत नाही. हे हिशेबाने सांगितलं की त्याला पटेल, हुशार आहे तो.

टांगलेल्या पलंगाची साखळी कुठे जाते ते बघ. पीओपीच्या खोट्या छताला काहीही पेलत नाही. साखळी किंवा सळई त्यातून आरपार जाऊन वरच्या काँक्रीटच्या स्लॅबला किंवा तुळईला धरलेली हवी. दिसत नसेल तर मालकाला सरळ विचार की हूक कशात बसवला आहे आणि किती वजनाचा भार देऊन तपासला आहे. नीट उत्तर मिळालं नाही तर दिवसा फोटो काढा, रात्री गादी खाली घ्या. जुन्या वाड्यांतले झोपाळे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्यांच्या कड्या सागवानी तुळईत बसवलेल्या होत्या आणि घरातलं कुणीतरी त्यांना नेमाने तेल घालायचं. कडी कडीवर घासून झिजते. म्हणून साखळीची सगळ्यात वरची कडी बघायची, झीज तिथे आधी दिसते.

दुमजली पलंगाचं मला सर्वांत जास्त भय वाटतं ते छताच्या पंख्याचं. वरच्या गादीवर स्वतः बसून बघ, हात चारी बाजूंना लांब कर. पंख्याचं पातं हाताच्या टप्प्यात आलं तर तो पंखा रात्रभर बंद. बटणावर कागद चिकटव, म्हणजे झोपेत कुणी लावणार नाही. सहा वर्षांखालचं मूल वरच्या मजल्यावर झोपवायचं नाही. अमेरिकेत तर याचे नियमच आहेत: कठडा गादीच्या वर निदान ५ इंच हवा आणि लहान मूल घसरून अडकेल अशी साडेतीन इंचांहून मोठी फट नको. मालकाने हौसेने जाड गादी घातली की कठडा आपोआप बुटका होतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सासूबाईंसाठी मात्र साधा पलंग मागून घे. त्यांचे गुडघे दुखतात. जमिनीलगतची गादी दिसायला छान, पण तिच्यावरून उठताना त्यांना दोघांचा आधार लागेल. काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले आणि मांड्या आडव्या राहिल्या की उंची बरोबर.

ढेकूण विसरू नकोस. गादीची शिवण उलगडून टॉर्चने बघ, काळे बारीक ठिपके दिसले तर खोली बदलून माग. ते बघून होईपर्यंत पिशव्या बाथरूमच्या फरशीवर ठेव, गादीवर नाही. इथल्या चाळीत आम्ही बाजा उन्हात काढून आपटायचो आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायचो. घरी आल्यावर तुम्हीही सगळे कपडे गरम पाण्यातून काढा, शंका नसली तरी.

बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का ते पहिल्याच दिवशी बघ. असेल तर खिडकी उघडी ठेवूनच वापरायचा, आणि शक्यतो बादली भरून गीझर बंद करूनच आंघोळ करायची. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आत कोसळतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. पोरांना एकटं आत सोडू नकोस. ओळखपत्र मागितलं तर आधारची झाकलेल्या आकड्यांची प्रत दे, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

नातजावयांना पुढच्या महिन्यात एकट्याने मुंबईला जायचं आहे ना? त्यांना मुंबई सेंट्रल स्टेशनवरचं पॉड हॉटेल सांग. २०२१ साली सुरू झालं. एका माणसापुरती कप्प्याची खोली, आत दिवा, चार्जिंग, हवा. जपानमध्ये ओसाकात १९७९ साली असं पहिलं हॉटेल निघालं. सकाळच्या कामासाठी आदल्या रात्री पोचणाऱ्याला ते सोयीचं. सामान कमी न्यायला सांग आणि बंद जागेत जीव घाबरत असेल तर आधीच कळू दे.

निघताना चादरी एका जागी गोळा करून ठेव. साफ करणाऱ्या बाईंना त्या विचित्र आकारांवर चादरी चढवायला दुप्पट वेळ लागतो. आणि कुठे ढिला बोल्ट किंवा तडा दिसला असेल तर नुसता आवळून गप्प बसू नकोस. त्याचा जवळून फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठव, कुठला पलंग, कुठला पाय, कुठली बाजू हे लिहून. दुपारी तुझ्यामागून दुसऱ्या कुणाची तरी पोरं त्या शिडीवर चढणार आहेत.