तिला करू द्या

एका घरी आम्ही गेलो होतो. दुपारची वेळ होती. ओसरीवर आजी बसली होती. तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात. आजी दुधात भाकरी कुस्करी आणि पोरीच्या तोंडात घास घाली. पोरीने ताटलीकडे हात नेला. आजीने तो हळूच बाजूला केला. पोरीने पुन्हा हात नेला. आजीने पुन्हा बाजूला केला. तिसऱ्या वेळी पोरीने हात नेलाच नाही.

आम्ही म्हटले, "आजी, तिला आपल्या हाताने खाऊ द्या की."

आजी म्हणाली, "अवो ताई, तिला काय जमतंय? समदं सांडून ठेवल. देवानं तशीच धाडलीय तिला. आन् माझं हात काय दुखत्यात व्हय भरवाया?"

आजीची माया खरी होती. पण त्या मायेनेच पोरीचा हात मागे गेला. आज आपण त्याबद्दल बोलू.

त्या पोरीला डाऊन सिंड्रोम आहे. नाव परके आहे, पण घाबरू नका. १८६६ साली लँग्डन डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी अशा मुलांचे वर्णन लिहिले. डाऊन हे त्यांचे आडनाव.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीत धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. बहुतेक माणसांत ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. या मुलांत बहुधा ४७ असतात. एकविसाव्या जोडीत दोनच्या जागी तीन! १९५९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ही गोष्ट जगापुढे मांडली.

हा जादा धागा अगदी सुरुवातीलाच आलेला असतो. पोटुशी बाई ग्रहणात भाजी चिरत होती, तिला कुणाची नजर लागली, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईचे वय जास्त असले तर असे मूल होण्याचा संभव वाढतो, हे खरे. पण तरण्या आयांनाही अशी मुले होतात. दोष कुणाचाच नाही. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे चार ओळींचे वाचन दोनदा करावे!

जादा धागा औषधाने निघत नाही. बुद्धी वाढवण्याची पुडी विकायला कुणी आला, तर त्याला दारातूनच रामराम करा. पण खऱ्या डॉक्टरकडे मात्र जायलाच हवे. अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. बऱ्याच जणांना कमी ऐकू येते, कमी दिसते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही कधी कधी नीट काम करीत नाही. आता सांगा, कानाला ऐकूच आले नाही तर पोर बोलणार कशी? म्हणून आधी तपासणी. २०१३ सालापासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीतल्या मुलांना तपासतात. ते जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्यांना ठाऊक असते.

या मुलांचे अंग सैल असते. म्हणून मान धरायला, बसायला, चालायला वेळ लागतो. पुष्कळ मुले दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, काही तीनला, काही त्याहून उशिरा. बोलणे आणखी मागून येते. पोर पाय फार फाकून बसत असेल तर गुडघे हलकेच जवळ आणून द्या. एक जपावे. काही मुलांच्या मानेचा सांधा कच्चा असतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोलांट्या मारायला लावू नका.

आता शिकवायचे कसे? या मुलांच्या कानावरून शब्द लवकर निसटतो, पण डोळ्यांनी पाहिलेले टिकते. म्हणून नुसते "पाणी" म्हणू नका. तिच्यासमोर बसा, तांब्या दाखवा, अंगठा ओठाशी नेऊन पिण्याची खूण करा आणि "पाणी" म्हणा. रोज तीच खूण, तोच शब्द. पोर आधी खूण करील. खुणेची सवय लागली तर बोलायची नाही, असे लोक म्हणतात. तसे होत नाही. खुणेच्या मागून शब्द येतो.

खूण केलीत, शब्द बोललात, की थांबा. मनात दहा मोजा. अंगणातला बैल हाकलणे सोपे, पण हे दहा मोजणे फार अवघड! सात झाले की आपला हात पुढे जातोच. तिला समजून घ्यायला आणि हात हलवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढा तिला मिळाला पाहिजे.

तुम्हांला वर्गाचा पहिला दिवस आठवतो ना? पेन्सिल बोटांत राहत नव्हती. शेजारणीने दया येऊन तुमची पाटी भरून दिली असती, तर पाटी भरली असती. तुम्हांला 'ग' आला नसता.

आजीला आम्ही एक युक्ती सांगितली. काम शेवटाकडून शिकवायचे. घास पोरीच्या बोटांत द्यायचा, तिच्या हाताखाली आपला हात धरून तोंडापर्यंत न्यायचा आणि ओठाशी आला की आपला हात सोडायचा. शेवटचे बोटभर अंतर तिचे. ते जमले की वीतभर तिचे. झबले घालतानाही तसेच. डोक्यावरून आपण घालावे, शेवटचा ओढा तिने मारावा. काम पुरे केल्याचा आनंद तिला मिळतो, आणि त्या आनंदाने ती पुढचे शिकते. पहिले आठ दिवस निम्मे दूध खाली सांडले. कोंबड्यांचे फावले. महिन्या-दोन महिन्यांनी पोर आपल्या हाताने खाऊ लागली.

आईला तिला अंगणवाडीत पाठवायची लाज वाटे. लोक हसतील म्हणे. दोन-चार दिवस पोरे बघत राहिली, मग त्यांनी तिला खेळात ओढले. चेंडू टाकणे, टाळ्या वाजवणे, रांगेत उभे राहणे ती पोरांकडे बघूनच शिकली. एवढे आम्हांला काही तिला शिकवता आले नसते.

वर्षभराने आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. पोरीला आठ-दहा शब्द येत होते, तेही बोबडे. पण अशी पुष्कळ मुले चित्रासारखा अख्खा शब्द डोळ्यांनी ओळखतात, काही तर नीट बोलता येण्याआधीच. तिची आई तेव्हा साक्षरतेच्या वर्गाला येत होती. आम्ही म्हटले, "तुम्हीच लिहा." तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापले. ठळक अक्षरांत लिहिले: आई. बाबा. आजी. आठ दिवस ती तेच शब्द फोटोंखाली ठेवून दाखवीत होती. मग एके दिवशी फोटो काढून घेतले. तीन तुकडे पोरीसमोर मांडले आणि म्हटले, "आजी दे."

पोर तुकड्यांकडे बघत राहिली. आम्ही मनात मोजू लागलो. आजीचा हात पुढे झाला. मग तिनेच तो पदराखाली घेतला. आठ झाले, नऊ झाले. पोरीने एक तुकडा उचलला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. बरोबर होता.

आजीने तो तुकडा उलटा धरला, सुलटा केला आणि सुनेला म्हणाली, "ह्यातला आ कंचा न् जी कंचा, मलाबी दाव."