आगीच्या आधी येणारा धूर

७ मे २०२२ च्या पहाटे आपल्या इंदूर शहरातील स्वर्णबाग कॉलनीत एका इमारतीला आग लागली आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. प्रारंभी सर्वांनी शॉर्टसर्किटचे नाव घेतले; पुढे तपासात निष्पन्न झाले, की खाली उभ्या असलेल्या एका दुचाकीला एका तरुणाने सूडबुद्धीने आग लावली होती. कारण काहीही असो, तळाशी वाहने पेटली, धूर जिन्यातून वर चढला आणि झोपेतून उठलेल्या माणसांपुढे उतरण्याची वाट म्हणून तोच जिना होता. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात आलेल्या बहुतेक मातांनी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, आमच्याकडे असं झालं तर मुलांना घेऊन जायचं कुठून?" मी तेव्हा दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगून वेळ निभावून नेली. स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा ते राहून गेलेले उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले.

१८ मे २०२५ रोजी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात जवळपास हेच घडले. खाली दुकान, वर कुटुंबाचे राहते घर, ये-जा करण्यास अरुंद वाट. सतरा जण गेले, त्यांत आठ लहान मुले होती. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा बालके दगावली. त्यांतील सात भाजून नव्हे, तर गुदमरून. 'आगीत माणूस जळून मरतो' हा आपला समज तपासून पाहण्याची गरज आहे, ती यामुळे. ज्वाला अद्याप शेजारच्या खोलीत असतात, तेव्हाच धूर आपल्या उशाशी आलेला असतो. आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील, हा भरवसा बाळगू नये. गाढ झोपेत घ्राणेंद्रिय पहारा देत नाही.

या धुरात असते तरी काय? काजळीचे कण, तप्त हवा, डोळे व घसा जाळणारी आम्लधर्मी द्रव्ये हे सर्व जाणवते तरी. न जाणवणारा घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची ओढ प्राणवायूच्या २०० ते २५० पट अधिक आहे. प्राणवायूची जागा तो बळकावतोच, शिवाय उरलेला प्राणवायूही पेशींना सहजासहजी सुटू देत नाही. माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग निर्णयशक्ती जाते, पाय लटके पडतात. दाराची कडी हाताशी असूनही ती न उघडता माणसे दारापाशीच कोसळलेली आढळतात, त्याचे कारण भीती एवढेच नसते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत विशेष सांगायचे तर गर्भाचे हिमोग्लोबिन हा वायू अधिक घट्ट धरून ठेवते. आई सावरलेली दिसली म्हणून पोटातले बाळ सुखरूप आहे असे समजू नये.

दुसरा मारेकरी हायड्रोजन सायनाइड. सोफ्यातील व गाद्यांतील फोम, नायलॉन, ॲक्रिलिक ब्लँकेटे, लोकर, रेशीम, मेलामाइनच्या ताटल्या जळताना तो निर्माण होतो आणि प्राणवायू वापरण्याची पेशींची यंत्रणाच बंद पाडतो. आपल्या आजोबांच्या घरात सागवानी कपाट व कापसाची गादी होती. ती पेटायलाही वेळ घेत असत. अमेरिकेत एका प्रयोगात जुन्या व नव्या पद्धतीने सजवलेल्या दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. जुनी खोली संपूर्ण पेटायला सुमारे अर्धा तास लागला. नवी चार मिनिटांच्या आतच भडकली. आपला दिवाणखाना कोणत्या प्रकारात मोडतो ते ज्याचे त्याने पाहावे.

मुलांचे शरीर म्हणजे मोठ्यांची लहान आवृत्ती नव्हे, हे वाक्य आम्ही बालरोगतज्ज्ञ वारंवार उच्चारतो, पण ते इथे फार खरे आहे. वजनाच्या मानाने मूल मिनिटाला अधिक हवा आत ओढते, म्हणजे विषही अधिक घेते. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गात चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा व छेदाचे क्षेत्रफळ पाव होते आणि हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो. मूल रडत असेल तर बत्तीसपट. तेवढीच सूज आठ मिलिमीटरच्या मार्गात आली तर विरोध जेमतेम तिप्पट होतो. एकाच खोलीतून बाहेर काढलेले वडील बाकावर बसून बोलत असतात आणि मुलाला नळी घालावी लागते, यामागचे गणित हे असे आहे.

१९९० च्या दशकात मी निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र सांगतो. हिवाळा होता. विजेच्या शेगडीवर रजई पडून खोली पेटली होती. घरातली मोठी माणसे बाहेर आली. मुलगी आजीपाशी आहे असे आईला वाटले, आईपाशी आहे असे आजीला. सहा वर्षांची ती मुलगी शेजाऱ्याला सापडली पलंगाखाली, भिंतीला चिकटून. आणली तेव्हा ती शुद्धीवर होती, गाल गुलाबी होते, अंगावर भाजल्याची खूण नव्हती. वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नुकताच आला होता आणि आम्हाला त्याचे केवढे अप्रूप! त्याने ९८ आकडा दाखवला. मुलगी रडून मास्क ओढून टाकत होती. ९८ पाहून मी तो काढला. दोन तासांनी तिला झटके आले. वरिष्ठ आले, यंत्राकडे व माझ्याकडे पाहून म्हणाले, "प्राणवायू कुठला आणि कार्बन मोनॉक्साइड कुठला, हे त्याला कळत नाही. तुला कळायला हवं होतं." मुलगी वाचली. पुढे काय झाले ते नंतर येईलच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तप्त धूर हलका असतो. तो छताकडे जातो आणि तेथून थराथराने खाली उतरतो. म्हणून उभ्या माणसाच्या नाकापाशी जी हवा मारक असते, तीच जमिनीपासून हात-दीड हातावर काही काळ श्वास घेण्याजोगी असते. धूर दिसला की उभे राहून धावू नये. गुडघ्यांवर व तळहातांवर रांगत, भिंतीच्या कडेने जावे. भिंत सोडली की ओळखीच्या घरातही दिशा हरवते. तान्हे मूल असेल तर सुती साडीने किंवा ओढणीने झोळीसारखे पोटाशी बांधावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र बाळाच्या तोंडावर ओला कपडा घट्ट दाबू नये. धुरापासून वाचवताना आपणच त्याचा श्वास कोंडू.

ओल्या रुमालाविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण त्याच्यावर लोकांचा फार विश्वास आहे. ओला कपडा काजळी अडवतो, पाण्यात विरघळणारी काही द्रव्ये कमी करतो, खोकल्याची उबळ थोडी आवरते. कार्बन मोनॉक्साइडला तो मुळीच अडवत नाही. रुमाल हाताशी असेल तर जरूर वापरावा; पण तो शोधण्यासाठी व भिजवण्यासाठी स्वयंपाकघरात परत जाणे म्हणजे हातातला सर्वांत मोलाचा मिनिट घालवणे होय. मोबाइल, दागिने, कागदपत्रे यांचीही हीच गत.

बंद दाराशी पोहोचल्यावर प्रथम हाताच्या मागच्या बाजूने दार व कडी चाचपावी. गरम लागली, किंवा फटीतून धूर येत असेल, तर ते दार उघडायचे नाही. गार असेल तर आडोशाला राहून किंचित उघडून पाहावे. जिना स्वच्छ असेल तर सर्वांना घेऊन खाली उतरावे व निघताना दार मागे ओढून घ्यावे. कुलूप मात्र लावू नये. लिफ्ट वापरू नये. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून गच्चीकडे पळणे बहुधा घातक ठरते. जिना म्हणजे धुराचे धुराडेच, आणि आपल्याकडे गच्चीच्या दाराला कुलूप असण्याची शक्यता अधिक.

बाहेर पडता येत नसेल तर घरातच राहण्याची जागा निवडावी लागते. आगीपासून दूरची, रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली खोली उत्तम. न्हाणीघरात पाणी आहे म्हणून तिकडे धाव घेण्याचा मोह होतो. पण जिथे बाहेर उघडणारी खिडकी नाही, केवळ डक्टमध्ये उघडणारा झरोका आहे, ती जागा सापळा ठरते; मुंबईच्या कमला मिल्स येथे २९ डिसेंबर २०१७ रोजी अनेकांचे मृतदेह प्रसाधनगृहात सापडले होते. निवडलेल्या खोलीचे दार व आगीकडची शक्य तेवढी दारे बंद करावीत. साधे लाकडी दारही धूर व उष्णता बराच काळ थोपवते, आणि रात्री झोपण्याच्या खोलीचे दार लोटून झोपण्याची सवय याचसाठी चांगली. दाराखालची फट ओल्या टॉवेलांनी, चादरींनी बुजवावी. ओल्या कपड्याचा खरा उपयोग इथे आहे. मग खिडकी थोडी उघडून पाहावी. बाहेरून धूर आत येऊ लागला तर लगेच लावून घ्यावी. म्हणूनच काच फोडायची नाही, फुटलेली काच पुन्हा लावता येत नाही. १०१ किंवा ११२ वर फोन करून पत्ता, मजला व कोणत्या बाजूची खोली ते सांगावे. खिडकीतून पांढरे कापड हलवावे. अंधारात मोबाइलचा दिवा. उडी मारणे हा अगदी शेवटचा उपाय.

मुले मात्र यातले काहीच करीत नाहीत. ती लपतात. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे. वर सांगितलेल्या मुलीने पुढे कित्येक दिवसांनी आजीला सांगितले, की शेगडी तिनेच रजईजवळ ओढली होती आणि आई रागावेल म्हणून ती पलंगाखाली गेली. आग कशीही लागली तरी कोणी रागावणार नाही, आधी बाहेर यायचे, हे मुलांना शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगून ठेवले पाहिजे. मुखवटा व टाकी लावलेला अग्निशमन दलाचा जवान धुरात एखाद्या राक्षसासारखा दिसतो; त्याचे चित्र मुलांना आधीच दाखवावे, म्हणजे त्याची हाक ऐकून ती आणखी आत सरकणार नाहीत. धुराचा इशारा देणारे बॅटरीवरील यंत्र जरूर लावावे. परंतु लहान मुले त्याच्या कर्कश आवाजानेही जागी होत नाहीत, असा अनुभव आहे, तेव्हा कोणत्या मुलाला कोणी उचलायचे हे मोठ्यांनी आपसात ठरवलेले हवे. आईला वाटते आजीपाशी, आजीला वाटते आईपाशी, असे व्हायला नको.

हे लिहिण्यापूर्वी एका रविवारी रात्री मी स्वतःच्या घरी दिवे मालवून तालीम करून पाहिली. आमच्या मागच्या गॅलरीला चोरांच्या भीतीने बसवलेली लोखंडी जाळी आहे. तिला एक लहान झडप, झडपेला कुलूप. किल्ली शालींच्या कपाटात निघाली. कुलूप गंजलेले होते. ते उघडायला अकरा मिनिटे लागली आणि सौभाग्यवतींनी घड्याळ लावून ती मोजली. दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावून आतून हाताने सरकणारी कडी बसवून घेतली. आपल्या राजवाड्याने तीन आगी पाहिल्या, शेवटची १९८४ मध्ये. रामबाग काय, विजयनगर काय, घरोघरी जाळ्या वाढत गेल्या आणि त्यांतून बाहेर पडायची सोय कोणीच केली नाही. जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली विजेवरची स्कूटर ही त्यात अलीकडची भर. घरात उतरण्याचा जिना एकच असेल तर त्याच्या तोंडाशी वाहने, गॅसच्या टाक्या, रद्दी यांपैकी काहीही नको.

शेवटी व्यवसायबंधूंसाठी काही. बंदिस्त जागेतील धुरातून आलेल्या प्रत्येक मुलाला, ते कितीही ठीक दिसले तरी, घट्ट बसणाऱ्या मास्कने शंभर टक्के प्राणवायू त्वरित सुरू करावा. साध्या हवेत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात; शुद्ध प्राणवायूवर साधारण एक ते दीड तास. साध्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावरून प्राणवायू कमी करू नये. शक्य असेल तेथे को-ऑक्सिमीटरने तपासावे. नाकपुड्यांत काजळी, जळलेले केस, बसलेला आवाज, श्वास आत घेताना येणारा घरघराट यांपैकी काही दिसल्यास भूलतज्ज्ञाला ताबडतोब बोलवावे. सूज पुढील चोवीस तास वाढत राहते आणि उशिरा नळी घालणे फार अवघड होऊन बसते. शुद्ध हरपलेली, रक्तदाब घसरलेला व लॅक्टेट खूप वाढलेले असेल तर सायनाइडचा विचार करून, उपलब्ध असल्यास हायड्रॉक्सोकोबालामिन ७० मि.ग्रॅ. प्रतिकिलो शिरेतून द्यावे. नाइट्राइट देण्याचा मोह टाळावा. कार्बन मोनॉक्साइडने ग्रासलेल्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची उरलीसुरली शक्ती ते आणखी घटवते.

आणि मुलाला घरी सोडताना पालकांना पुन्हा येण्याची तारीख द्यावी. ती सहा वर्षांची मुलगी बरी होऊन गेली होती. तिसऱ्या आठवड्यात आई तिला परत घेऊन आली, म्हणाली, "ही पाढे विसरली आहे आणि चालताना भिंत धरते." कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरील हा उशिरा उमटणारा परिणाम दोन दिवसांपासून सुमारे चाळीस दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतो. तिला पूर्ववत व्हायला पाच महिने लागले. पुढच्या जूनमध्ये ती पहिलीत बसली.