निंदेला उत्तर कोणते?

मध्यंतरी एका दिंडीचे विणेकरी भेटले. वय सत्तरीच्या पुढे, वारी कधी चुकली नाही; पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. विचारले, "काय माउली, प्रकृती बरी ना?" ते म्हणाले, "प्रकृतीला काय धाड भरलीय! पण दिंडीच्या मोबाईलवर जे चाललंय ते बघवत नाही. तुम्हीच सांगा, अशा वेळी गप बसावं का बोलावं?"

हकीकत अशी. मुक्काम कोठे, पाण्याचा टँकर केव्हा, सामान कोणाच्या गाडीत, एवढ्यापुरता तो गट काढलेला. दिंडीतल्या एका मुलीने गावच्या सप्ताहात कीर्तन केले, त्याचे चित्रण कोणीतरी गटावर टाकले. एकाने लिहिले, 'चाल चुकली.' दुसऱ्याने लिहिले, 'बायकांनी कीर्तनाला उभे राहू नये.' तिसऱ्याने तिची जात काढली. चौथा तिच्या देहाविषयी नको ते बोलला. मग तिच्या बाजूने दोघे उठले आणि त्यांनी चौथ्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. रात्री अकराला लागलेले भांडण काकड्याच्या वेळेपर्यंत चालले. सकाळी सहाला त्याच मंडळींनी एकमेकांना 'राम कृष्ण हरी' पाठवले. मुलीने मात्र गट सोडला. पुढच्या एकादशीला ती भजनालाही आली नाही.

"गटात दोनशे माणसं," विणेकरी म्हणाले, "भांडली ती सहा-सात. बाकीचे आम्ही वाचत बसलो."

वाचकहो, प्रश्न त्या सहा-सात जणांचा आहे, तसाच वाचत बसलेल्यांचाही आहे. समोरासमोर भेटलो की आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहानथोर पाहत नाही. तोच हात मोबाईल धरल्यावर असे का लिहितो? आणि लिहिले, तर इतरांनी काय करावे? या पाठात त्याचाच विचार करू.

पहिले काम निवडण्याचे

धान्य निवडताना आपण खडा बाजूला काढतो. खड्याच्या रागाने सूप पालथे करत नाही. कडू बोलण्याचेही तसेच निवडून घ्यावे.

'चाल चुकली' ही टीका. ती बोचते, पण उपयोगाची असते. चाल खरोखर चुकली असेल तर सुधारावी, चुकली नसेल तर तसे सांगावे. 'बायकांनी कीर्तनाला उभे राहू नये' हे मत. जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांचे अभंग नित्य गाणाऱ्यांत हे मत टिकणे कठीण. तरी ते मत आहे, आणि मताला मताने उत्तर देता येते. पण जात काढणे, देहावर बोलणे, धमकी देणे यात मत कोठे आहे? तिथे प्रश्न विचारलेला नाही, म्हणून उत्तराची अपेक्षाही नाही. समोरच्याने खाली मान घालून निघून जावे, एवढाच त्याचा हेतू. त्याला द्वेष म्हणावे.

न्यायाच्या दरबारातही असाच भेद केला जातो. कोणाला त्रास होईल असे काही संगणकावरून वा मोबाईलवरून धाडले तर तुरुंगात टाकता येईल, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे एक कलम होते, ६६अ. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मार्चमध्ये ते रद्द केले. चर्चा करणे निराळे, आपली बाजू जोराने मांडणे निराळे आणि चिथावणी देणे निराळे, असे न्यायालयाने सांगितले. पहिल्या दोन गोष्टी कोणाला कितीही नावडत्या असोत, त्यांना मोकळीक हवी. तेव्हा मनाविरुद्ध कोणी बोलला की लगेच त्याला द्वेष्टा ठरवू नये. तोही अन्यायच होय.

आपल्यावर आले तर

आता द्वेषाचा शब्द आपल्याच अंगावर आला, तर काय करावे? इथे पैठणच्या नाथमहाराजांकडे जावे. गोदावरीचे स्नान करून येताना एक उद्धट माणूस त्यांच्या अंगावर थुंकत राहिला, नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, आणि शेवटी थकला तो थुंकणारा, ही कथा लहान पोरांनाही पाठ आहे. पण आपल्या प्रश्नाला दुसरी एक कथा अधिक उपयोगी पडते.

एका गरीब ब्राह्मणाला मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे होते. गावातल्या टवाळांनी त्याला सांगितले, 'एकनाथाला राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो.' बिचारा गेला. नाथ पूजेला बसले होते, हा थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. राग नाही. जेवणाच्या पंगतीत गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पडतील ते. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे मला. ब्राह्मण ओशाळला आणि त्याने पैशाची गोष्ट कबूल केली. त्यावर नाथ म्हणाले, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुमचे काम तरी झाले असते.

या कथेत आपण नाथांची शांती पाहतो. पण कथेतल्या व्यवहाराकडेही लक्ष द्यावे. तिथे नाथांच्या रागाला भाव ठरला होता. राग आला तर दोनशे रुपये, न आला तर काही नाही. आजही तोच सौदा चालू आहे. द्वेषाचे चार शब्द फेकणाऱ्याला आपला संताप हवा असतो. ती त्याची मजुरी. आपण दहा ओळींचे उत्तर दिले की ती रोख चुकती होते. शिवाय उत्तर देण्यासाठी आपण त्याचेच बोलणे पुन्हा वर आणतो. ज्यांनी ते वाचले नव्हते तेही वाचतात, आणि बघा कसा बोलला म्हणून दहा ठिकाणी धाडतात. घाण आपल्याच हाताने पसरते.

म्हणून आपल्यापुरता नियम साधा आहे. मजुरी देऊ नये. रात्री उत्तर लिहू नये. लिहिल्याशिवाय राहवतच नसेल तर कागदावर लिहावे, हरिपाठ म्हणावा, मग पुन्हा वाचावे. बहुतेक कागद तिथेच फाटतात. मुद्द्याचे काही असेल तर एकदाच, थोडक्यात आणि निंदकाच्या भाषेत न उतरता सांगावे. तोच माणूस वारंवार छळत असेल तर मोबाईलमध्ये त्याला अडवण्याची सोय आहे, ती खुशाल वापरावी. दाराला कडी लावणे म्हणजे क्रोध नव्हे.

घाव लागतोच

इथे कोणी म्हणेल, 'आम्ही काही नाथ नाही. आम्हाला लागतं.' बरोबर आहे. थोरांनाही लागते. लोकांच्या अपमानाने विटून ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभी राहून ती उघडायला लावली, अशी परंपरा आहे. ताटीचे अभंग त्याच प्रसंगाचे. प्रत्यक्ष माउलींना दार लावावेसे वाटले, मग विशीतल्या मुलीने गट सोडला त्यात नवल ते काय?

पण त्या प्रसंगात मुक्ताई दाराशी गेली. तिने आतून दार उघडण्याची वाट पाहिली नाही. ज्याच्यावर घाव झाला त्याला 'एवढं काय मनावर घेता' असे सांगणारे पुष्कळ असतात, दाराशी जाणारा एखादाच असतो. दोनशे जणांच्या गटातून एखादा त्या मुलीच्या घरी गेला असता, तर?

दुसऱ्यावर आले तर

आता पाठाचा मुख्य भाग. आपण मोठी गल्लत करतो ती इथेच. क्षमा हा आपला धर्म, म्हणून आपण गप्प बसतो. पण कोणाच्या अपमानाची क्षमा? माझा अपमान मी क्षमा करावा, तो माझा अधिकार. त्या मुलीचा अपमान मी परस्पर क्षमा करून टाकावा, हा अधिकार मला कोणी दिला?

पुन्हा नाथांकडेच पाहावे. स्वतःवर थुंकणाऱ्याला एक शब्द न बोलणारे नाथ गोदेच्या तापल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या आईचे पोर रडताना दिसले तेव्हा 'शांती' म्हणून पुढे गेले नाहीत. त्यांनी पोर कडेवर घेतले आणि त्याच्या वस्तीत नेऊन पोहोचवले. गाव काय म्हणेल हे त्यांना पुरते ठाऊक होते. स्वतःच्या मानापमानाबाबत ते मेणाहून मऊ, दुसऱ्याच्या बाबतीत खांबासारखे उभे. शांती दोन्हीकडे एकच होती.

पंढरपुरातच हे पुन्हा घडले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर. त्यांच्या बांधवांना विठ्ठलमंदिरात जाऊ द्यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथे प्राणांतिक उपोषण केले. त्यांना भीमेपार हाकलण्याच्या घोषणा झाल्या. गुरुजींनी त्या घोषणांना शिवीने उत्तर दिले नाही, पण जागेवरून हललेही नाहीत. आपली निंदा सोसायची आणि दुसऱ्याचा अपमान सोसायचा नाही, ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वेळी केली. मंदिर खुले झाले.

मग गटात काय करावे? पहिले, सर्वांसमोर एकच ओळ लिहावी: 'हे बोलणे चुकीचे आहे, आम्ही ताईंच्या बाजूला आहोत.' बोलण्याला चूक म्हणावे, बोलणाऱ्याच्या आईबापाला मध्ये आणू नये. अशी ओळ पाच जणांनी लिहिली तर सहाव्याला धीर येतो. दुसरे, गट चालवणाऱ्याने तो मजकूर सर्वांसाठी पुसावा, समज द्यावी, आणि न ऐकणाऱ्याला गटाबाहेर करावे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ गटचालक म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे; पण कायद्याने सुटलो म्हणून कर्तव्यातून सुटत नाही. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याने ताल सांभाळायचा.

तिसरे, धमकी असेल, स्त्रीच्या अब्रूवर घाला असेल, जातीधर्मात वैर पेटवणे असेल, तर तो मजकूर पुसण्याआधी त्याची तारीखवार छायाचित्रे ठेवावीत आणि पोलिसांकडे जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वैर पसरवण्यासाठी कलम १९६, धमकीसाठी कलम ३५१ आणि शब्दाने स्त्रीचा विनयभंग करण्यासाठी कलम ७९ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या संरक्षणासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार करता येते. मात्र जिच्यावर घाव झाला तिला विचारूनच हे पाऊल टाकावे. तिच्या नावाने आपली हौस भागवू नये.

दार पुरते लावू नये

शेवटी लिहिणाऱ्याचा विचार. मंबाजी गोसाव्याने तुकोबांना काटेरी फोकाने मारले. बहिणाबाईंनाही छळले, त्यांच्या गाईला मारल्याचे त्या आपल्या अभंगांत सांगतात. तरीही तो कीर्तनाला आला नाही तेव्हा तुकोबा त्याला बोलवायला गेले, असे चरित्रकार सांगतात. मंबाजी सुधारल्याचे काही ऐकिवात नाही. पण ज्या रामेश्वर भटांनी तुकोबांना विरोध केला, ते पुढे त्यांचेच झाले. कोण मंबाजी आणि कोण रामेश्वर, हे आधी कळत नाही. म्हणून गटातून काढलेल्याला देखील एखाद्याने एकट्याने भेटावे, चारचौघांत नव्हे. मोबाईलवर शूर असलेली माणसे ओट्यावर बसल्यावर पुष्कळदा माणसात येतात.

विणेकऱ्यांना एवढेच सांगितले. महिन्याने ते पुन्हा भेटले. मुलीच्या घरी जाऊन आले होते. "माफी मागितली," म्हणाले. आम्ही विचारले, "तुम्ही कशाबद्दल? तुम्ही तर काहीच लिहिलं नव्हतं."

"त्याचीच मागितली," ते म्हणाले.

गटावर ती अजून परतलेली नाही. एकादशीच्या भजनाला मात्र आली.